सातची बंदूक

“रोज संध्याकाळी सात वाजले की तुझी बंदूक सुरू होते बघ,” सगुणामावशी म्हणाल्या आणि त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

मी मिरचीच्या ठेच्यात तेल कालवत होतो. हात तिथंच थांबला.

“इथपर्यंत ऐकू येते?”

“न यायला काय झालं? मधे टेकडीच तर आहे. काल सात बार केलेस. परवा अकरा. आमचं कुत्रं उठून दारात जाऊन बसतं.”

“ससे फार झालेत, मावशी. नव्या वेलींची सालं सोलून खातात.”

“मारायलाच पाहिजेत. तू जेव.”

बस, एवढंच बोलणं झालं. पण भाकरी मोडता मोडता मी ते सात आणि अकरा मनात पुन्हा मोजले.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, समुद्रापासून लांब, उघड्याबोडक्या टेकड्यांच्या एका खोऱ्यात मी द्राक्षबाग सांभाळत होतो. मूळचा मी निफाडजवळच्या उगावचा. घरची बाग भावाच्या हाती देऊन दुसऱ्याची बाग राखायला सात समुद्र ओलांडून गेलो होतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी तर त्या डोंगरांत जाऊनच राहिलो होतो, त्यामुळे ते साजरे दिसायची सोयच उरली नव्हती. मालक ऑकलंडला, मजूर फक्त छाटणीला आणि तोडणीला. एरवी बागेत मी, वेली आणि ससे. लग्न मोडून दोन वर्षं झाली होती, म्हणून घरचे फोनवर माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत. जेवलास का, थंडी आहे का, ठेवू का?

ससे मारायचं काम मालकानंच सांगितलं होतं. पोलिसांची परीक्षा, मुलाखत वगैरे होऊन मला परवाना मिळाला आणि बागेच्या कपाटातली जुनी पॉइंट टू-टू रायफल माझ्या ताब्यात आली. ही सगळ्यात लहान काडतुसाची बंदूक, सशापुरतीच. आमचं घर माळकरी. पोरगं तिकडे रोज संध्याकाळी ससे मारतंय हे वडिलांना कळलं असतं, तर त्यांनी माझ्या नावानं अंघोळ केली असती. म्हणून घरी मी फक्त द्राक्षांचं बोलायचो.

आणि टेकडीपलीकडे सगुणामावशी होत्या. सगुणा उजगरे, नगरच्या मिशन दवाखान्यात शिकलेल्या नर्स. एकाहत्तर साली डनेडिनच्या इस्पितळात नोकरीला आल्या, आणि पाय मोडून भरती झालेल्या कॉलिन नावाच्या मेंढपाळाशी लग्न करून या खोऱ्यात राहिल्या. कॉलिन जाऊन सहा वर्षं झाली होती. आमची ओळख झाली गावातल्या भाजीच्या दुकानात. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून “एवढीशी?” असं स्वतःशीच पुटपुटलो, तर मागून आवाज आला, “एवढीशीच मिळते. पण वास बरा आहे, घे.” मी मागे वळलो तर पांढऱ्या केसांचा बॉब केलेली, पँट घातलेली एक बाई उभी होती. मला तिथंच रडू कोसळायचं बाकी होतं. तेव्हापासून दर रविवारी त्या चर्चहून आल्या की मी त्यांच्याकडे जेवायला जायचो.

त्या खोऱ्यात मला सगळे सॅम म्हणायचे. संपत म्हणणारं एकच माणूस होतं. ते माणूस आपल्यावर नाराज होऊ नये, आपण त्यांना नकोसे होऊ नये, एवढीच मला धास्ती होती. दुसरं गमावण्यासारखं माझ्याकडे तिथं काही नव्हतंच.

म्हणून ती बंदुकीची गोष्ट मला लागली. आमच्याकडे तक्रार कशी करतात ते मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या विहिरीवरची मोटर रात्रभर घरघरायची, तेव्हा आई शेजाऱ्याला कधी ‘बंद करा’ म्हणाली नाही. “तुमची मोटर पहाटेपर्यंत चालते वाटतं,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं मोटरच्या खोलीला दार बसवलं. समजणाऱ्याला समजतं. मावशींनी तर बार मोजले होते, वर कुत्र्याचाही दाखला दिला होता. आणखी किती स्पष्ट सांगायचं बाईनं?

त्याच जेवणात आणखी एक बोलणं झालं.

“रेबेकाचा पुन्हा फोन आला होता,” मावशी म्हणाल्या. रेबेका त्यांची मुलगी, क्राइस्टचर्चला असायची. “म्हणते, आई, एकटी राहू नको, इकडं ये. खोली तयार आहे. पलीकडचा शेतवालाही घर घ्यायला टपून बसलाय. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? आणि तुझं काय रे? तोडणी झाली की तुझा करार संपतो ना?”

“हो. तिकडे नेल्सन शहराजवळ एक जागा आहे म्हणतात.”

“जाशील?”

“बघू.”

खरं तर मला जायचं नव्हतं. मालकाला मी तसं सांगूनही टाकलं होतं. पण ‘राहणार’ म्हटलं तर आपल्यासाठी हा अडकून पडलाय असं मावशींना वाटेल आणि त्यांच्या मनावर ओझं येईल, म्हणून ‘बघू’ म्हणालो. मावशींनी माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि ताकाचं भांडं जवळ सरकवलं.

गुरुवारी मी गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की मोटारसायकल आठवते, आणि बंदुकीचा बाळगला तर पोलीस उचलून नेतील. तिकडे तो सर्रास काचेच्या कपाटात मांडून ठेवतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास नको म्हणून. दुकानदार आयव्हर नावाचा म्हातारा होता. त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं होती.

“पहिलाच का?” त्यानं विचारलं. “कुणासाठी? तुझ्या कानांसाठी की शेजाऱ्यासाठी?”

“शेजारणीसाठी.”

“तक्रार केली तिनं?”

“नाही. नुसतं बोलली.”

“मग तक्रार नाही केली.”

“आमच्यात तशीच करतात,” मी म्हणालो.

त्यानं खांदे उडवले आणि हिरव्या कापडावर तीन नळ्या मांडल्या. माझ्या बंदुकीच्या तोंडाला आटे पाडलेले होते, त्यामुळे तिन्ही बसणार होत्या. पहिली अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, हलकी. “ही लावलीय हे तू विसरशील,” आयव्हर म्हणाला, “पण तुझी शेजारीण विसरणार नाही. आवाज थोडा येतोच.” दुसरी मधली, उघडून साफ करता येणारी. टू-टूच्या गोळीचं शिसं आतल्या पडद्यांवर जमतं, ते खरवडावं लागतं, म्हणून त्याचा सगळा भर हिच्यावर होता. तिसरी लांब, जड, काळी.

“आणि ही?”

“ही सगळ्यात मुकी. पण बंदूक तोंडाकडे जड होईल, कुंपणाच्या तारेत अडकेल. सशासाठी एवढी शांतता कशाला हवी? माझं ऐक, मधली घे.”

मी मधली हातात घेतली, परत ठेवली. पुन्हा लांब उचलली. आयव्हरनं वाट पाहिली. त्याला घाई नव्हती, आणि मलाही आठवडाभरात कुणी एवढा वेळ दिला नव्हता. त्याची गोष्ट शहाणपणाची होती. पण मला शहाणपण नको होतं. टेकडीपलीकडे कणभरही आवाज जायला नको होता.

“हीच,” मी म्हणालो.

“मग ही काडतुसंही ने. हिची गोळी संथ जाते. साधी गोळी आवाजाच्या पुढे पळते, तिचा हवेतच कडाका होतो. तो कुठलाच सायलेन्सर थांबवत नाही.” पैसे घेताना तो म्हणाला, “शेजारीण नशीबवान आहे.”

शुक्रवारी दुपारी मी शेडमागच्या मातीच्या उंच बांधापुढे सफरचंदाचं खोकं ठेवलं, त्यावर कागद चिकटवला आणि पन्नास मीटरवर पोतं अंथरून पडलो. सायलेन्सर आट्यांवर फिरवत बसवला, सरळ बसलाय का ते दोनदा पाहिलं. चाप ओढला.

काडतूस फुटलंच नाही असं मला वाटलं. बंदुकीच्या आत टक् झालं आणि बांधाच्या मातीत ढप् झालं, मधे काहीच नाही. नळीच्या वजनानं नेमही हलला होता. गोळ्या खाली आणि डावीकडे लागत होत्या. बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू दोन-दोन घरं फिरवत, पाच-पाच गोळ्या झाडत, तासाभरात मी नेम कागदाच्या मधोमध आणला. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. मी कौतुकानं आजूबाजूला पाहिलं. पाहायला कोणी नव्हतं, ही सवयीची गोष्ट.

सातला ससे निघाले. वरच्या ओळीत दोघं चरत होते. मी एकाला टिपलं. तो आडवा झाला, आणि दुसरा तसाच खात राहिला. एरवी पहिल्या बाराला सगळे बिळांत पसार व्हायचे. हा मान वर करून पाहीना. त्यालाही मारलं, पण मला ते आवडलं नाही. दिवसभरात मी काढलेला मोठा आवाज म्हणजे तेवढे सात-आठ बारच असायचे. आता तेही गेले. पण मावशींच्या चेहऱ्यावरचं समाधान डोळ्यांपुढे आणलं आणि बरं वाटलं.

आता मला गंमत करायची होती. आपण होऊन सांगायचं नाही. मावशींच्या लक्षात येऊ दे. त्या रविवारी मी गेलो नाही. द्राक्षं भरली होती, पाखरांसाठी जाळ्या टाकायच्या होत्या, ते कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. चार-सहा दिवस शांत जाऊ देत, म्हणजे त्याच म्हणतील, “संपत, काय केलंस रे तू?” मग मी खिशातून नळी काढून टेबलावर ठेवायची. हा सगळा प्रसंग मी मनात इतक्यांदा घोळवला की त्यातली वाक्यं मला पाठ झाली.

मंगळवारी संध्याकाळी बागेतून परतलो तर मोबाइलवर मावशींचा मिस्ड कॉल होता. सात वाजून वीस मिनिटं. फोन मी घरीच ठेवायचो. वर बागेत रेंज नव्हती. मावशी सहसा फोन करत नसत, त्यांना ते यंत्र आवडत नसे. आली शांतता लक्षात, मी मनात म्हणालो. मी त्यांना उलट फोन केला नाही. फोनवर काय मजा? रविवारीच भेटू. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवारी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, सायलेन्सर खिशात टाकला आणि टेकडी ओलांडली.

त्यांच्या अंगणात एक पांढरी व्हॅन उभी होती. रेबेका दारातून खोकी बाहेर आणत होती. चाळिशीची, फोटोतल्या बापासारखी उंच. तिनं मला पाहिलं आणि आत वळून इंग्रजीत ओरडली, “मम, तुझा सॅम आलाय.”

मावशी ओट्याशी उभ्या होत्या, कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शर्टाकडे पाहावंसं वाटलं.

“आहेस होय तू?”

“म्हणजे? मी कुठं जाणार?”

“नेल्सनला.”

“नाही हो. हे काय चाललंय मावशी?”

“मी चालले. शनिवारी. घर दिलं त्या शेतवाल्याला. गुरुवारी सही केली.” त्यांनी बशी खोक्यात ठेवली. “आरं, तू फोन का नाही उचललास?”

माझी पाठ केलेली वाक्यं एकेक करून गळून पडली. तरी खुळ्यासारखा मी खिशात हात घातला आणि ती काळी नळी ओट्यावर ठेवली.

“हे बघा. तुम्हाला बंदुकीचा त्रास व्हायचा ना, म्हणून आणलं. आता बाहेर आवाज येत नाही. दहा दिवसांत ऐकू आला का एक तरी?”

मावशींनी हात पुसून ती नळी उचलली, एका टोकातून उजेडाकडे पाहिलं. नर्सनं इंजेक्शनची सुई पाहावी तशी.

“मला त्रास व्हायचा असं कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच म्हणालात. रोज सातला सुरू होते म्हणून. कुत्रं उठून बसतं म्हणून.”

“ते म्हणाले. आवाज नको असं म्हणाले का मी?”

मावशींनी नळी हातात फिरवली.

“कुत्रं दारात जाऊन शेपूट हलवायचं, लेकरा. आणि मी उठून चुलीत लाकूड सारायचे.” त्या खुर्चीवर बसल्या. “कॉलिन गेल्यावर एकटीसाठी काय रांधायचं म्हणून मी रात्रीचं जेवणच सोडलं होतं. पावाचा तुकडा खायचा अन् पडायचं. मग तू आलास, तुझी बंदूक वाजायला लागली. पहिला बार झाला की मी चूल पेटवायचे. तू थांबलास की म्हणायचे, आता पोरगं घरी निघालं, हेही आता काहीतरी शिजवील. अन् मी भात टाकायचे. आमच्या मिशनच्या आवारात सातला घंटा व्हायची जेवणाची. तसं वाटायचं मला.”

“मग हे दहा दिवस?”

“पहिल्या दिवशी म्हटलं, दमला असंल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, ससे निघाले नसतील. रविवारी तू आला नाहीस. मंगळवारी फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. मग समजले. गेला.”

“न सांगता जाईन का मी मावशी?”

“का नाही? पोरं तशीच जातात. सांगायचं जीवावर येतं. मी नगरहून निघाले तेव्हा आईला म्हणाले, पुण्याला ट्रेनिंगला चाललेय.” त्यांनी नळी टेबलावर ठेवली. “बुधवारी रेबेकाला फोन लावला अन् म्हणाले, ये घेऊन जायला.”

बाहेर व्हॅनचं दार आपटलं.

“सही मोडता येत नाही का?” मी विचारलं. “मी जात नाहीये कुठं. मालकाला तसं कधीच सांगितलंय.”

“मग त्या दिवशी ‘बघू’ का म्हणालास?”

“तुम्हाला ओझं वाटू नये म्हणून.”

मावशी हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. “आणि मी काय म्हणणार होते तुला? ये रोज, बंदूक वाजव, मला करमत नाही? या वयात?” त्यांनी नळी माझ्याकडे सरकवली. “पोरीनं रजा काढलीय, नातवाची खोली रिकामी केलीय. तिला आता नाही म्हणवत नाही. एका शब्दानं विचारलं असतंस रे संपत.”

तुम्हीही एका शब्दानं सांगितलं असतं तर, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं, आणि आजही गिळतोच आहे.

निघताना त्या पायरीपर्यंत आल्या. “शुक्रवारी शेवटचं या चुलीवर रांधीन म्हणते. सातला वाजव तेवढी. ससे असोत नसोत.”

शुक्रवारी मी सायलेन्सर काढला, जुनी कडाक्याची काडतुसं भरली आणि शेडमागच्या बांधात एकामागून एक सहा बार केले, मधे नेहमीइतकं थांबून. ससे केव्हाच पसार झाले होते. थोड्या वेळानं टेकडीच्या कडेवर धूर दिसला. मी हातपाय धुऊन जेवायला गेलो. भात, मेंढीचा रस्सा, आणि ज्वारीचं पीठ संपलं म्हणून मक्याची भाकरी. आम्ही तिघं जेवलो. मावशींनी नगरच्या दवाखान्यातल्या गोष्टी सांगितल्या आणि मी त्या रेबेकाला इंग्रजीत करून सांगितल्या. तिला आईची भाषा येत नव्हती. शनिवारी दुपारी त्या गेल्या. जाताना त्यांच्या मिशनच्या रीतीनं म्हणाल्या, “सलाम, संपत. जेवत जा.”

रविवारी सात वाजता ससे नेहमीसारखे बाहेर आले. मी बंदूक काढली आणि सायलेन्सर हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. लावला काय, न लावला काय, आता ऐकणारं कोणी नव्हतं.